चंद्रावळची रुसलेली सावली

श्रीरंगा, पाय पांघरुणात घे आधी. हं, आता ऐक.

एक होता राजा, आणि तो लेकीच्या काळजीनं अर्धा झालेला. लेक केवढी? तुझ्याएवढीच. नाव चंद्रावळ. तिचे पाय दुखू नयेत म्हणून तिला मेण्यातून फिरवायचे. तिनं रुसू नये म्हणून जेवायला पेढेच पेढे. आणि कंटाळू नये म्हणून दिवसभर ढोल, ताशे, सनई. राजाला वाटे, आपण किती छान सांभाळतो!

पण झालं काय, चंद्रावळ हसेनाशीच झाली. उगाच रडायची, दाईला चावायची, झोपेत दचकायची. एक दिवस दाई ओरडली, "महाराज, बाईसाहेबांची सावली कुठंय?" खरंच नव्हती! रुसून निघून गेली होती, बरं का. आणि त्या राज्यात सावली परत आली नाही, तर हसूही परत यायचं नाही. राजा ढसाढसा रडला.

मग एकदा मेणा नदीकाठानं चालला होता. चंद्रावळनं पडदा सारला, तर समोर तिची सावली! एकटीच लंगडी घालत होती. "थांब गं!" म्हणत हिनं मारली उडी. सावली पुढे, ही मागे. पडली, गुडघा झाडला, पुन्हा पळाली.

पळून पळून पोटात कावळे ओरडायला लागले. मळ्यात एक म्हातारी जेवत होती. तिनं अर्धी भाकरी दिली, वर चवळीची उसळ. चंद्रावळनं बोटं चाटून खाल्ली आणि वर पेरूही मागितला. लबाड!

मग पुन्हा सावलीमागे. ही जवळ गेली की ती लांब. चंद्रावळ चिडली, पाय आपटले, भोकाड पसरलं. सावली म्हणाली, "एवढ्या आवाजात मी नाही यायची." मग चंद्रावळ एका खडकावर बसली. पोटावर हात ठेवला. श्वास आत, पोट फुगलं. श्वास बाहेर, पोट बसलं. तूही कर बघू. हं, अस्सं. हळूहळू पानांची सळसळ ऐकू आली. रडू कुठल्या कुठे पळालं. मग सावली हळूच आली आणि पायांना चिकटली. अशा गुदगुल्या झाल्या, की चंद्रावळ खुदकन हसली!

तेवढ्यात राजा आला, हत्तीवर बसून, ढोल बडवत. "शू! आबासाहेब, खाली उतरा," चंद्रावळ म्हणाली. राजा उतरला. तिनं त्याच्या पायांशी पाहिलं, तर तिथंही सावली नाही! बिचारा स्वतः तरी कधी चालला होता?

"अगंबाई! तुमचीही गेली की. चला, पळा आता. मी शिकवते."

मग राजा धोतर खोचून लेकीमागे पळाला. म्हातारीची भाकरी खाल्ली. लेकीशेजारी डोळे मिटून गप्प बसला. उन्हं कलताना त्याचीही सावली आली, आणि कित्येक वर्षांनी तो पोट धरून हसला. दोघं घरी चालत गेले, रोज तसेच खेळले, आनंदात राहिले.

चल, दिवा मालवते. दिवसभर तुझ्यामागे पळून तुझीही सावली दमलीय रे. तिला कुशीत घे आणि झोप.