मठाच्या पिकअपला दांडे बसविण्याबाबत

विषय : मठाच्या पिकअप गाडीच्या मागील ॲक्सलला घरी तयार केलेले दांडे बसविणे.

संदर्भ : श्री. भालचंद्र टकले यांचा अनुग्रह मिळण्याबाबतचा तोंडी अर्ज, आणि त्यावर त्यांनी वेळोवेळी दिलेली स्मरणपत्रे. तीही तोंडी.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की,

"बुवा, आता तरी?" भालचंद्रानं विचारलं.

रेवणगिरीबुवा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. टरफल त्यांनी बाजूला ठेवलं.

भालचंद्र त्या टरफलाचा अर्थ लावू लागला.

"आधी गाडीचं बघ," बुवा म्हणाले.

भालचंद्राचं तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप होतं. त्यानं वेल्डिंगनं जोडलेला सांधा कधी उकलत नाही असं लोक म्हणत, आणि लोक विसरले तर तो आठवण करून देई. पण वर्कशॉपमध्ये असताना त्याचं चित्त मठात असे आणि मठात आला की वर्कशॉपमध्ये. अनुग्रह मिळाला की ते एका जागी बसेल, रात्री डोळा लागेल, अशी त्याची खात्री होती. मठाकडे निघताना बायको विजया दारातून विचारी, "जेवायला घरी की तिकडंच?"

"दोन्हीकडं," तो म्हणे. आणि खरोखरच दोन्हीकडं जेवे.

तर, गाडी. गाडी म्हणजे देह, हे त्याला ओटा उतरायच्या आतच उमगलं. त्यानं चहा सोडला. पहाटे उठून जप सुरू केला.

पुढच्या खेपेला बुवांनीच विचारलं, "बघितलंस का गाडीचं?"

"बघतोय, बुवा. फार ओढाळ आहे."

"मागनं उड्या मारते."

"मारतेच, बुवा. जपाला बसलं की जास्तच."

बुवांनी अंगणाकडं बोट दाखवलं.

अंगणात दस्तगीर नायकवडी पिकअप धूत होता. मठाची गाडी तोच चालवी. त्यानं फडकं पिळलं आणि बॉनेटवर थाप मारली.

"भालूशेठ, बुवा हिच्याविषयी बोलतायत. हिच्या!"

प्रकरण असं होतं. मठाला आणि वरच्या वाडीला पाणी जाई ते पिकअपमधल्या टाकीतून. शेवटचा चढ उभा. भरल्या टाकीनिशी पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की मागची चाकं थडाथडा उड्या मारत आणि निम्मं पाणी रस्ताच पिऊन घेई.

भालचंद्र गाडीखाली शिरला आणि लगेच बाहेर आला. इंजिन जोर लावी तेव्हा चाकांआधी ॲक्सलच पिळवटे, आणि त्याच्याबरोबर वरचे स्प्रिंगचे पाटे वाकडे होत. ॲक्सलपासून पुढं चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, दोन्ही बाजूंना एकेक दांडा घातला की पीळ बंद. इतकं सोपं निघालं याचं त्याला वाईट वाटलं. देहापेक्षा फारच सोपं.

त्यानं जाड पाइपाचे दांडे केले. दोन्ही टोकांना पट्ट्या आणि बोल्ट. बोल्ट आवळून झाल्यावर वरून वेल्डिंगही मारलं.

"बोल्ट हायत की, शेठ. वर आणि झाळ कशाला?" दस्तगीरनं विचारलं.

"माझं काम आहे. हलणार नाही."

"काहीच हलायचं न्हाई?"

"काहीच नाही."

"मग हिला गाडी कशाला म्हणायची? ओटा म्हणू."

चाचणीला बुवा स्वतः मागं, टाकीला टेकून बसले. भालचंद्र पुढं दस्तगीरशेजारी. चढ लागला. दस्तगीरनं क्लच सोडला. गाडी सरळ, गुमान वर निघाली. एक उडी नाही. भालचंद्रानं आरशात बघितलं. त्याला मागचे बुवा दिसायला हवे होते, पण स्वतःच दिसला आणि तेही त्याला वावगं वाटलं नाही.

चढ संपला. पुढं रस्त्याला चर पडली होती, नेहमीचीच. डावं चाक तीत उतरलं. ॲक्सलला एका बाजूनं खाली जायचं होतं. दांडा जाऊ देईना.

धडाड!

चासीकडची पट्टी फाटली. गाडीनं असा हिसका दिला की टाकीचं झाकण उडालं. दोघं धावत मागं गेले, तर बुवा दाढीपर्यंत निथळत होते.

बुवा खाली उतरले. कफनी पिळली.

"बुवा, सांधा नाही उकलला," भालचंद्र घाईनं म्हणाला. "पट्टी फाटलीय. सांधा शाबूत आहे, बघा."

"इकडं ये. नमस्कार कर."

भालचंद्र लगबगीनं पुढं झाला. अनुग्रह! आणि तोही असा रस्त्यात, चरीच्या काठावर. त्यानं चपला काढल्या.

"थांब. पाइपाचा उरलेला तुकडा असेल ना? आण तो."

त्यानं हत्यारांच्या पेटीतून हातभर लांबीचा तुकडा काढला. बुवांनी तो त्याच्या छातीला उभा लावला. खालचं टोक कमरेच्या पट्ट्यात खोचलं, वरचं हनुवटीखाली टेकवलं.

"हं. आता कर."

भालचंद्र वाकू लागला. पाइप गळ्यात रुतला. ताठ झाला, पुन्हा वाकू लागला. पुन्हा रुतला. डोळ्यांत पाणी आलं. ते भक्तीचं की नरड्याचं, हे त्याचं त्यालाच कळेना.

"होत नाही, बुवा."

"का?"

भालचंद्र विचारात पडला. अहंकार? ताठा? हा पाइप म्हणजे ताठा असावा... पण ताठा स्वतःच्या वर्कशॉपमधल्या पाइपाचाच कसा? बरं, बुवा गेल्या खेपेला गाडी म्हणाले ते गाडीविषयीच निघालं होतं. तेव्हा आता नमस्कार म्हणजे...

"दोन्ही टोकं अडकलीत," तो शेवटी म्हणाला.

बुवा वाडीच्या दिशेनं पायी चालू लागले.

भालचंद्रानं दांडे पुन्हा केले. ॲक्सलकडचं टोक घट्टच ठेवलं. चासीकडचं मात्र एका झुलत्या कडीत अडकवलं, म्हणजे ॲक्सल पिळवटणार नाही, पण वरखाली व्हायला मोकळा. दस्तगीरनं भरली टाकी चढवली. उडी नाही. चर आली, गाडी तिच्यात लवली, उठली आणि पुढं गेली. त्या दिवशी वाडीत पाणी उरलं. बायका दस्तगीरला विचारत होत्या, आज एवढं कसं?

भालचंद्र हात धुऊन ओट्यावर गेला. या खेपेला त्यानं "आता तरी?" विचारलं नाही. त्याची त्याला गरज वाटली नाही.

"समजलं, बुवा."

"काय?"

"दोन्ही टोकं घट्ट धरायची नाहीत. एक सैल सोडायचं."

बुवांनी मान डोलावली. भालचंद्रानं डोळे मिटले, हात जोडले, मस्तक पुढं केलं.

"कोणतं?" बुवांनी विचारलं.

"चासीकडचं," त्याच्या तोंडून निघून गेलं.

बुवांनी एक शेंग फोडली.

भालचंद्रानं एक डोळा उघडला. चासी म्हणजे? घर? की मठ? वर्कशॉप सैल सोडावं तर विजयाला काय सांगायचं? मठ सैल सोडावा तर इतकी वर्षं इथं येतोय कशाला? आणि बुवा सरळसरळ गाडीचंच विचारत असतील, तर उत्तर बरोबर होतं आणि आपण उगाच घाम गाळतोय.

त्यानं दुसराही डोळा उघडला.

"बुवा... हे गाडीचं विचारताय, की माझं?"

"अर्ज गाडीनं केलाय का?"

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.