गाडीला पोटीस

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. गावाला त्यांच्या हातगुणाचा अभिमान होता, आणि त्याहून काकणभर जास्त त्यांच्या काळ्या मोटारीचा. मोटार जुनी होती, पण तिचा रंग असा, की बाहेर वाट पाहणारे रोगी तिच्या दारात पाहून भांग पाडीत. परगावचा पाहुणा आला की त्याला आधी देऊळ दाखवीत, मग मोटार. घाई असेल तर नुसतीच मोटार.

ही मोटार वैद्यबुवा स्वतः धूत. दर रविवारी, अंगणातल्या सावलीत, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून. त्या कामाला त्यांनी कधी कोणाचा हात लागू दिला नाही. त्यांच्याकडे शिकायला आलेल्या शिष्येलाही फक्त पाण्याच्या बादल्या आणून ठेवण्याचा अधिकार होता.

शिष्येचे नाव ऋजुता. आयुर्वेदाच्या पदवीत विद्यापीठात पहिली आलेली. पहिल्या आलेल्यांना शिकवणे फार अवघड असते. आता शिकायचे थोडेच उरले आहे असा त्यांचा समज असतो, आणि तो थोडा भाग नेमका कोणता हे गुरूला शोधत बसावे लागते. तिची इच्छा एकच होती : वैद्यबुवांनी आपल्याला स्वतंत्रपणे रोगी पाहू द्यावेत. घरून वडिलांचा धोशा चालू होता, "म्हातारा तुला बादल्या उचलायला लावतो. दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर ये परत. शहरातल्या इस्पितळात मी शब्द टाकून ठेवलाय."

एका शनिवारी संध्याकाळी वैद्यबुवा म्हणाले, "पुढचा रोगी तू बघ."

पुढचा रोगी म्हणजे हिंदुराव पहिलवान. त्यांच्या कुस्त्या गाव अजून सांगत असे. आता मात्र सदरा खुंटीला अडकवावा तसा त्यांच्या खांद्यांना अडकवलेला दिसत होता. बायकोने त्यांना जवळजवळ ओढूनच आणले होते. "जेवत न्हाईत, सारखं खोकत्यात," ती म्हणाली. "इचारलं तर म्हणत्यात, घशात धूळ गेली."

ऋजुताने नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि हा माणूस काहीतरी लपवतो आहे हे तिने अचूक ओळखले. ते अचूकच होते.

"काका, तुम्ही लपवताय," ती म्हणाली. "दारू पिता का? थुंकीतून काही पडतं का? हे बघा, वैद्यापाशी लपवायचं नसतं. काकू, तुम्हाला तरी माहीत आहे का?"

पहिलवान उठले. "मला काय बी झाल्यालं न्हाई. चल गं." दारात ते वळले. "पोरी, भल्याभल्या पंचांनी मला कधी चीत म्हणून जाहीर केलं न्हाई. तू कोण?"

ते गेल्यावर ऋजुता म्हणाली, "ते लपवतायत, गुरुजी. मी ओळखलं."

"ओळखलंस. मग हाती काय लागलं?"

हा माणूस आता कोणत्याही वैद्याची पायरी चढणार नाही, हे दोघांनाही कळत होते. आणि तसल्या खोकल्याला फार वाट पाहण्याची सवय नसते.

दुसऱ्या दिवशी वैद्यबुवांचा जिल्ह्याच्या गावी सत्कार होता. सत्कार व्यापारी मंडळाचा, त्यामुळे न्यायला स्वतः मंडळाचे अध्यक्ष महालिंग शेटे आले. त्यांचीही गाडी काळी, नवी कोरी. शेटे गाडीतून उतरले की आधी खांद्यावरच्या फडक्याने तिच्यावरची धूळ पुसत आणि मग समोरच्याला नमस्कार करीत.

वैद्यबुवांच्या मोटारीची त्या आठवड्यात दशा झाली होती. समोर रस्त्याचे काम निघाले होते, त्याचा तांबडा मुरूम तिच्यावर बसला होता. शिवाय एका पक्ष्याने बॉनेटवर मध्यभागी आपला अभिप्राय नोंदवला होता, आणि तो वाळून घट्ट झाला होता.

"बुवा, माझ्या गाडीतून चला," शेटे म्हणाले.

"सत्कार माझा आहे, तुमच्या गाडीचा नाही. माझीच काढतो."

"मग लवकर काढा हो. मंडपात माणसं येऊन बसली असतील."

वेळ वाचावा म्हणून ऋजुताने शेट्यांच्या खांद्यावरचे फडके घेतले आणि बॉनेटवरचा डाग खरवडायला हात पुढे केला.

"हात काढ!"

वैद्यबुवांचा आवाज एवढा चढलेला तिने कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी जे केले त्याचा अर्थ कोणालाच लागेना. झारीने त्यांनी छतापासून खाली सावकाश पाणी सोडले. सगळी गाडी निथळू लागली. एक मऊ फडके भिजवून, त्याची घडी करून त्यांनी ती त्या वाळलेल्या डागावर ठेवली, आणि कट्ट्यावर जाऊन मांडी घालून बसले.

"हे काय?" शेट्यांनी विचारले.

"पोटीस."

"गाडीला?"

"तिलाही कातडी आहे."

"अहो, तिकडे आमदार येऊन बसतील!"

"बसू द्या. तेही थोडे मऊ झाले तर बरंच."

शेटे घड्याळाकडे आणि ऋजुता फडक्याकडे पाहत राहिली. बऱ्याच वेळाने वैद्यबुवा उठले. त्यांनी घडी उचलली, तर डाग तिच्याबरोबर निमूटपणे निघून आला. मागे काही खूण राहिली नाही. तांबडा मुरूमही एव्हाना बराचसा पाण्याबरोबर उतरला होता. मग कुठे त्यांनी साबणाचे पाणी घेतले. वरून खाली, सरळ हात, दाब न देता. एका बादलीत साबण, आणि मळलेले फडके खळबळायला दुसरी बादली. चाके सगळ्यांत शेवटी, आणि त्यांचे फडके वेगळे.

आज पहिल्यांदाच त्यांनी ऋजुताच्या हाती फडके दिले, आणि ते तिच्या हातून सटकून जमिनीवर पडले. तिने उचलून झटकले.

"ते ठेव बाजूला. आज ते पुन्हा गाडीला लागायचं नाही."

"झटकलं ना, गुरुजी."

"झटकलेलं तुला दिसलं. आत अडकलेला खडा गाडीला दिसेल."

शेवटी त्यांनी मोठा जाड टॉवेल गाडीवर अंथरला, तळव्यांनी हलकेच दाबला आणि उचलला. घासला कुठेच नाही. टॉवेल पाणी पिऊन जड होई, तसा ते तो पिळून पुन्हा अंथरीत.

दोन्ही गाड्या उन्हात आल्या तेव्हा शेट्यांचा चेहरा उतरला. वैद्यबुवांच्या जुन्या मोटारीत अख्खे आकाश स्वच्छ दिसत होते. शेट्यांच्या नव्या गाडीवर मात्र उन्हात बारीक ओरखड्यांचे जाळे चमकत होते, जणू कोळ्याने रात्रपाळी केली होती.

"बुवा, मी दिवसातून तीनदा पुसतो हो!"

"म्हणूनच," वैद्यबुवा म्हणाले. मग ते ऋजुताकडे वळले.

"धूळ आपण होऊन ओरखडा काढत नाही. ती बसून असते. कोरड्या फडक्याखाली तिला आपण फरफटवतो, तेव्हा ओरखडा उमटतो. पाखराची घाण मात्र बसू देता येत नाही, ती रंग खाते. ती काढायलाच हवी, पण आधी ओलावा द्यायचा, मग थांबायचं, आणि मग हात लावायचा. शोधनाच्या आधी स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे दोष काढण्याआधी तेल आणि शेक सांगितलाय, ते पाठ करून तू पहिली आलीस. काल पहिलवानाच्या मनातलं तू जे काढायला गेलीस, ते खरंच तिथं आहे. पण तू ते कोरडं खरवडलंस. आणि तेही त्याच्या बायकोसमोर."

ऋजुताने ओले हात पुसले. मग म्हणाली, "गुरुजी, मी सत्काराला येत नाही."

"मीही गेलो नसतो. पण शाल आणून ठेवलीय म्हणतात."

ती थेट तालमीत गेली. आखाड्याच्या हौदात पहिलवान एकटेच खोऱ्याने माती उकरत होते. तिला पाहून त्यांनी मान फिरवली. ती काठावर बसली. खोकल्याचे नाव तिने काढले नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "काका, या मातीत काय काय घालतात?"

उत्तर आले नाही. तिनेही पुन्हा विचारले नाही. खोऱ्याचे चार-सहा घाव झाल्यावर पहिलवानच म्हणाले, "ताक. हळद. तेल. लिंबू बी."

"एवढं सगळं?"

"मग? माती कडक ऱ्हायली तर पोरांची कातडी सोलती. मऊ करावी लागती." ते थांबले. "पुढच्या साली नातवाला उतरवायचाय हितं. माझ्यासारखाच हाय. आडदांड."

ते नातवाविषयी बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली. बोलता बोलता खोकल्याची उबळ आली. त्यांनी पंचा तोंडाशी धरला आणि मग तो मुठीत गच्च मिटला. ऋजुता समोरच्या भिंतीवरच्या मारुतीकडे पाहत बसली. विचारायचा मोह तिला फार झाला असणार.

"रगत पडतंय," पहिलवान मातीकडे पाहत म्हणाले. "श्रावणापास्नं. घरात सांगितलं न्हाई. नातू माझ्या कुशीत झोपतो, पोरी. कळलं तर काढून घेतील त्याला."

"काका, हा क्षय असू शकतो. तसं असेल तर त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि माणूस खडखडीत बरा होतो. आधी थुंकी तपासू." तिचा आवाज हळू झाला. "आणि नातवालाही तपासायला हवं."

पहिलवानांचा चेहरा पांढरा पडला. "त्याला? माझ्यामुळं?"

"म्हणून तर आत्ता उठायचं."

त्यांनी खोरे बाजूला टाकले. "चल."

संध्याकाळी वैद्यबुवा शाल घेऊन परतले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "आधी काय विचारलंस?"

"मातीत काय घालतात ते."

"आणि मग?"

"मग गप्प बसले."

वैद्यबुवांनी शालीची घडी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी रोग्यांनी पाहिले, तो त्यांच्या खुर्चीशेजारी तेवढ्याच उंचीची दुसरी खुर्ची होती. एका म्हातारबांनी कुरकुर केली, "बुवा, मला तुम्हीच बघा."

"मी बघायचो ते दुखणं. ती माणूस बघते. बसा तिच्यासमोर."

पुढे पहिलवानाला क्षयच निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या. नातू सुदैवाने निरोगी निघाला. वैद्यबुवांनी ऋजुताच्या वडिलांना आपण होऊन फोन केला आणि सांगितले, "इस्पितळातली ती जागा दुसऱ्या कोणाला मिळू द्या. तुमची मुलगी आता आमच्या गावाची आहे."

जे काढायचे ते काढावेच, पण आधी भिजू द्यावे, एवढाच या गोष्टीचा अर्थ. सत्कारात आपल्याविषयी कोण काय बोलले, ते वैद्यबुवांना आठवड्याभरातच आठवेनासे झाले. पण आपल्या शिष्येने पहिलवानाला कसे बोलते केले, ते मात्र ते भेटेल त्याला सांगत. प्रत्येक वेळी त्यांच्या सांगण्यात पहिलवानाचे वजन थोडे वाढत असे. आणि खरे सांगायचे तर त्या काळात ते खरोखरच वाढत होते.