टिटवीची अंडी खाली आली

तापीकाठची फार जुनी गोष्ट. तेव्हा पुराचा अंदाज टिटवी द्यायची. तिनं नदीच्या वाळूत अंडी घातली की पाऊस बेताचा, आणि टेकाडावर घातली की पूर ठरलेला. मग सगळे प्राणी बिऱ्हाड घेऊन टेकाड चढायचे.

त्या वर्षी अंडी थेट टेकाडाच्या माथ्यावर दिसली. उंदीरमामाचं बीळ नदीलगत होतं आणि ज्वारीनं गच्च भरलेलं. एवढं ओझं वर न्यायचं म्हणजे कंबरडंच मोडणार! टिटवी पाणी प्यायला गेल्यावर मामानं सशाला हाताशी धरलं आणि चारही अंडी अलगद वाळूत आणून ठेवली.

"बघा, यंदा अंडी खाली!" त्यानं दवंडी पिटली. सगळे खूश झाले. गंमत म्हणजे दोन दिवसांनी खुद्द मामालाही ते खरं वाटू लागलं.

टिटवीनं अंडी शोधून काढली आणि वाळूतच उबवली. पिल्लं अंड्यातून निघाली तशी आईमागे टेकाडावर पळाली. पाठोपाठ पूर आला. ज्वारी वाहून गेली. उंदीर आणि ससा कसेबसे माथ्यावर पोचले.

"टिटवी खोटारडी निघाली!" उंदीर ओरडला.

"मामा, अंडी आपणच हलवली ना?" ससा कुडकुडत म्हणाला.

"हो रे, पण ते नदीला कुणी सांगितलं?"