वानराच्या डोक्यावरचं घरटं

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आईशप्पथ. म्हणजे शपथ आईची आहे, पण गोष्ट मामाने सांगितलेली.

फार पूर्वी झिपऱ्या नावाचा एक वानर होता. उडी मारताना तो मागच्या उडीचाच विचार करायचा आणि धपकन पडायचा. टोळीचा म्होरक्या म्हणाला, "उद्या आपण ओढा ओलांडणार. पडलास तर तुला इथेच सोडून जाऊ."

झिपऱ्या तळ्यातल्या म्हशीकडे गेला. "मावशी, डोकं थांबतच नाही गं!"

"मग थांबवू नकोस. माझ्या पाठीवर बगळे बसतात. मी हाकलत नाही, ते आपले आपण उडतात. तू नुसता श्वास बघत बस."

झिपऱ्या बसला. विचार आले, गेले. तो इतका शांत झाला की एका बगळीने त्याच्या डोक्यावर घरटं बांधून अंडी घातली.

दुसऱ्या दिवशी त्याने अलगद उडी मारून ओढा ओलांडला. एकही अंडं फुटलं नाही. ते घरटं बघत बघत म्होरक्याने उडी मारली आणि तो धपकन पाण्यात पडला.

तुझंही तसंच. गोष्ट ऐकताना तुझ्या पुडीतले अर्धे शेंगदाणे मी खाल्ले, तुझं लक्षच नव्हतं. आता उरलेले दे, ती गोष्टीची फी.