आबांची सुगंधी वाट

आपल्या पणज्यांच्या पणज्या रांगत होत्या, त्या काळची ही गोष्ट. एका गावात येसू नावाची बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना सांभाळत होती. आबांचा सारा जन्म राजवाड्यात स्वयंपाक करण्यात गेला होता. उतारवयात त्यांची दृष्टी गेली.

एकदा आबा उंबऱ्याला अडखळून पडले. तेव्हापासून येसू त्यांना जागचं हलू देईना. "आबा, तुम्ही बसा. मी आहे ना!" ती घाससुद्धा भरवायची. आबा बसून राहिले. आधी बोलेनासे झाले, मग जेवेनासे झाले. येसू घाबरून गेली.

अशात शेजारणीने तिला पुदिन्याच्या चार काड्या दिल्या. येसूने त्या अंगणात कुंडीत खोचल्या. महिन्याभरात पुदिना फोफावला. एका सकाळी ती चटणीसाठी पानं खुडत होती. मागे पावलं वाजली. वासाच्या मागे, भिंत चाचपत आबा आले होते!

"बसा" हा शब्द तिच्या ओठांवर आला. तिने तो गिळला.

आबांनी एक पान चुरगळून हुंगलं. "शेंडे खुड, पोरी. मग बाजूने फुटवे येतात."

किती दिवसांनी बोलले होते ते! जिवापाड जपताना आपण त्यांचं काय काय काढून घेतलं, हे येसूला उमगलं.

तिने ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत, अंगणाच्या कडेने कमरेएवढा मातीचा कठडा घातला. त्यावर कुंड्या मांडल्या. पायरीशी पुदिना, वळणावर ओवा, दाराशी कढीपत्ता. कोथिंबीर मात्र दोनदा कुजली.

"पाणी फार घालतेस. धणे रगडून पेर," आबा म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनीच पेरली. ती दाट उगवली.

आबा रोज कठड्यावरून हात फिरवत चालायचे. पान चोळायचे, हुंगायचे, पुढचं पाऊल टाकायचे.

एक दिवस येसू नदीवरून धुणं घेऊन आली, तर स्वयंपाकघरातून पाट्यावर वाटण्याचा आवाज! आबांनी कोथिंबिरीची चटणी वाटली होती.

"मीठ बघ गं जरा," ते म्हणाले.

येसूने बोटभर चाटली. तिचे डोळे भरून आले. "अगदी बेताचं आहे, आबा."

त्या दिवशी आबा आपल्या हाताने दोन भाकरी जेवले.

ज्याच्यावर माया करावी, त्याला नुसतं बसवून ठेवू नये. त्याला चालता येईल अशी वाट करून द्यावी.