दार नसलेली चौकी

"घाटातल्या त्या चौकीला दार नाही, कारण आत एका बाईला जिवंत चिणलं आणि..."

कुंपणापलीकडून एवढं ऐकू आलं आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली. अर्धवट ऐकून चैन कशी पडायची? विरजणाच्या निमित्तानं वाटी घेऊन मी शेजारी गेले. धोंडूमामा बावदाण्यांकडे पुण्याचे पाहुणे आले होते. बोलणं त्यातल्या सूनबाईंचं. आमचं जुनं गाव राष्ट्रीय उद्यानात गेलं, आम्ही उठून इथं आलो. चौकी मात्र अजून घाटमाथ्यावर आहे. चार भिंती, बंदुकीपुरती भोकं, दार नाही.

"अशी नाही ती गोष्ट," मामा म्हणाले आणि सावरून बसले.

असं सांगतात, की तिथं गडाचे तीन पहारेकरी असत. एकदा शत्रूची फौज घाट चढू लागली. गावची बायापोरं गुरं घेऊन गडाकडे निघाली होती. पोचायला दोन दिवस तरी हवे होते. तेवढा वेळ चौकी टिकायला हवी. पण दोन पहारेकरी बंदुका टाकून पळाले. तिसरा रावजी, तापानं फणफणलेला. त्याची बायको भिकाई भाकरी घेऊन आली होती. त्यानं तिला परत जायला परोपरीनं विनवलं म्हणे. ती दारात आतून दगड रचू लागली, वर माती लिंपू लागली.

"दार असलं की पाय तिकडं वळतात," एवढंच बोलली.

मग रावजी पडल्या पडल्या बंदुका भरून द्यायचा आणि ती या भोकातून त्या भोकाशी धावत बार काढायची. खालच्यांना वाटलं, आत दहाबारा जण तरी असतील. तिसऱ्या दिवशी गडावरून कुमक आली, फौज मागे हटली. माणसं पहारी घेऊन भिंत फोडायला धावली, तर ही कौलं सारून छपरावर उभी.

"फोडू नका. परत लागंल."

आधी नवऱ्याला दोरानं उतरवलं, मग स्वतः उतरली. रावजी पुढे जगला, असं बावदाणे सांगतात; आमच्याकडचे नाही म्हणतात. मी त्यात पडत नाही.

"म्हणजे चिणलं होतं, हे खरंच की," सूनबाई हळूच म्हणाल्या.

"बाई खरी, भिंतही खरी," मामा म्हणाले. "चिणणारं दुसरं कुणी नव्हतं."

आजही वणव्यावर नजर ठेवायला वनरक्षक तिथं शिडी लावून छपरातून आत उतरतात. त्या लिंपणावर बोटं उमटलेली आहेत म्हणे. आतल्या बाजूला.