मामांची नाडी

एका गावात एक भोळा घरजावई होता. गेणू त्याचं नाव. भोळा असं सासरचे म्हणत. गावात दुसरा शब्द होता.

त्याचे सासरे सदोबामामा चढ चढले की छातीत कळ यायची, बसले की थांबायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी औषधं समजवायला नेमकं गेणूलाच पुढ्यात बसवलं. डॉक्टर हुशार म्हणून प्रसिद्ध होते.

"कळ आली की ही बारीक गोळी जिभेखाली ठेवायची. ही दुसरी रोज रात्री. हृदयाच्या रक्तवाहिन्यांना आतून सूज आहे, ती उतरवते. तिसरी सकाळी, पण आधी नाडी बघायची."

"बरं," गेणू म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी देवळाच्या चढावर मामांना कळ आली. गेणूने झटकन गोळी जिभेखाली ठेवली. स्वतःच्या. मामा पायरीवर बसून सावरले. गेणूचं डोकं मात्र संध्याकाळपर्यंत ठणकत होतं.

बायको हौसा म्हणाली, "अवो, ज्याला तरास हाय त्यालाच द्यायची गोळी."

"बरं."

हौसा रागाने तोंड सुजवून बसली. गेणूने सूज बघितली. गाल दोन, म्हणून दोन गोळ्या ताकात विरघळवल्या.

"ह्यात काय घातलंय?"

"सूज उतरायचं औषध."

सूज दुप्पट झाली. "आता डॉक्टरला इचारल्याबिगर कशाला हात लावायचा न्हाई," हौसा म्हणाली.

"बरं."

सकाळी हौसा पाण्याला गेली. मामा ओट्यावर उन्हात डुलकी घेत होते. गेणूने नाडी शोधायला त्यांची कंबर चाचपली. धोतराला कुठली नाडी? त्याने फोन लावला.

"डॉक्टर, मामांची नाडी सापडत न्हाई."

"नीट बघितलीत?"

"चारी बाजूंनी चाचपलं. न्हाईच."

"हालचाल?"

"गप पडल्यात."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "गेले हो ते. भावकीला कळवा."

"बरं."

भावकी जमली. बांबू आले, मडकं आलं. मामांचा श्वास बघायचं कुणालाच सुचलं नाही. गावात शहाणे काही कमी नव्हते. हौसाने दारातच हंबरडा फोडला, तसे मामा दचकून उठले. समोर आपली तिरडी बघितली आणि छाती धरून बसले.

"अवो, गोळी ठेवा जिभंखाली," हौसा ओरडली.

गोळी गेणूच्या हातातच होती. पण शिकवण म्हणजे शिकवण. मामा उठून बसले असतील, पण डॉक्टर 'गेले' म्हणालेत, आणि डॉक्टर शिकलेला माणूस. त्याने फोन लावला. हौसाने गोळी हिसकावून बापाच्या जिभेखाली सरकवली, तोवर गेणू अदबीने विचारत होता,

"डॉक्टर, गेलेल्या माणसाला कळ आली, तर गोळी जिभंखालीच ठेवायची, का दुसरीकडं?"